विचारलं तेवढंच

स्क्रीनवर एक उंचवटा दिसत होता. तो तिथे असायचं काहीच कारण नव्हतं.

"वानखेडे, नमुन्याची डबी नीट पुसली होती का?"

"दोनदा पुसली, मॅडम."

"मग तिसऱ्यांदा पुसा."

मी संशयी आहे. अख्खी नोकरी लॅबमध्ये गेली की माणूस असाच होतो. घरी दूधवाल्यावरही माझा विश्वास नसे. आमची लॅब पुण्यात विश्रांतवाडीला, आळंदी रोडवरून आत एका गल्लीत. लोक खनिजांचे नमुने आणून द्यायचे, आम्ही त्यात कुठला धातू किती आहे ते तपासून सर्टिफिकेट द्यायचो.

हा नमुना आफ्रिकेतल्या एका देशातून आला होता. देशाचं नाव सांगत नाही, कारण तिथे दुसऱ्या बऱ्याच देशांची नावं घातली तरी गोष्ट बदलणार नाही. मूठभर काळी वाळू, पण हातात घेतल्यावर दचकावं इतकी जड. कथील असलेली वाळू अशीच असते. आमच्या फॉर्मवर एकेका धातूच्या नावापुढे चौकोन होता आणि सगळ्यात खाली एक चौकोन 'पूर्ण तपासणी'चा. या फॉर्मवर एकच खूण होती. कथील.

आता आमचं यंत्र कसं चालतं ते सांगते. नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे. त्यात जे जे मूलद्रव्य असेल ते आपापल्या जागी उंचवटा दाखवतं. शाळेतल्या हजेरीसारखंच, जो असेल तो 'हजर' म्हणतो. क्लायंटनं फक्त कथलाची हजेरी मागितली होती, पण यंत्राला फॉर्म वाचता येत नाही.

तिसऱ्यांदा पुसूनही उंचवटा तिथेच होता. टँटलम. शेजारी निओबियमही होतं. ही दोघं खाणीत बहुधा जोडीनंच सापडतात, म्हणजे आमची चूक नव्हती. टँटलम तुमच्या मोबाइलमध्ये असतं आणि ते कथलापेक्षा कितीतरी महाग आहे.

माझे सहायक वानखेडे चंद्रपूरचे. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "कोळसा आमच्याकडे निघते, मॅडम. अन् लाइट भी आमच्याकडचीच जाते."

मी करंदीकर सरांच्या केबिनमध्ये गेले. लॅब त्यांची.

"क्लायंटनं काय विचारलंय?" सर म्हणाले.

"कथील."

"मग कथील लिहा. मिसळ मागणाऱ्याला आपण श्रीखंड वाढतो का?"

"सर, श्रीखंड त्याच्याच ताटात आहे. तो ते कोणापासून तरी झाकतोय."

"हा तुमचा संशय झाला. सर्टिफिकेटवर संशयाचा रकाना नाही."

झाकायचं कोणापासून, ते उघड होतं. बाहेर जाणाऱ्या मालावर तिथलं सरकार आपला हिस्सा घेतं, आणि मालात काय आहे ते आमच्या सर्टिफिकेटवरून ठरवतं. कागदावर नाही ते वाळू म्हणून जहाजात चढतं. पलीकडे घेणारा मात्र ती वाळू म्हणून घेत नसणार. घेणारा आणि विकणारा एकाच घरातले असावेत, असंही मला वाटत होतं. पुरावा नव्हता.

म्हणून मी जुन्या फाइली काढल्या. याच क्लायंटचे नमुने तीन वर्षं येत होते. सगळ्या फॉर्मवर कथलापुढे खूण. फक्त सर्वांत पहिल्या फॉर्मवर 'पूर्ण तपासणी' होती, आणि आमच्याच रिपोर्टमध्ये टँटलम स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी एकदा विचारून घेतलं होतं. म्हणूनच पुन्हा विचारत नव्हते.

सर्टिफिकेट न्यायला देसाई आले. हे क्लायंटचे इथले एजंट, कोथरूडला ऑफिस, बोलणं साखरेत घोळलेलं.

"बाकीचे धातू नको का तपासायला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कशाला मॅडम? आमचं काम कथलापुरतं."

त्यांनी डोळे जरासुद्धा हलवले नाहीत. मी सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

दोनेक आठवड्यांनी एक उंच, सावळा तरुण अधिकारी समोर येऊन बसला. जोसेफ. त्याच देशाच्या खाण खात्यातला. पुण्यातच चार वर्षं राहून भूशास्त्र शिकलेला. बोलत होता इंग्रजीत, पण मधूनच मराठी टाकत होता.

"मॅडम, तुमच्या सर्टिफिकेटवरचा माल मी बंदरावर अडवून ठेवलाय. साहेबांनी एक आठवडा दिलाय. गडबड सिद्ध झाली नाही तर माझी नोकरी जाणार. खरं सांगा, कथलाचा आकडा खोटा आहे ना?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा देसायांनीच पाठवलेला नसेल कशावरून? आम्ही तोंड उघडतो का ते बघायला? मी ओळखपत्र मागितलं. त्यानं दिलं. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"आकडा खरा आहे," मी म्हणाले. "एकूण एक."

त्याचा चेहराच उतरला. तिकडे सगळे कथलाच्या आकड्यावरच डोळा ठेवून असायचे, हाही तेच धरून इतक्या लांब आला होता. दुसऱ्या क्लायंटच्या नमुन्याबद्दल एक शब्द बोलायची मला परवानगी नव्हती. तो उठला. मांडीवरची बॅग त्यानं छातीशी धरली होती.

"बॅगेत काय आहे?"

"त्याच मालातला नमुना. आमच्या खात्याचं सील आहे. कथील पुन्हा मोजून घेणार होतो. आता काय उपयोग?"

मी खणातून कोरा फॉर्म काढून त्याच्यापुढे सरकवला.

"चार वर्षं पुण्यात होतात ना? मग इथली रीत माहीत असेल. पत्ता विचारला तर आम्ही पत्ता सांगतो. दुकान आज बंद आहे, हे सांगत नाही. आम्ही विचारलं तेवढंच सांगतो."

 तो परत खाली बसला. पेन कथलाच्या चौकोनावर थांबलं. मी खिडकीबाहेर बघू लागले. परत पाहिलं तेव्हा पेन हळूहळू खाली सरकत होतं. शेवटच्या चौकोनात त्यानं खूण केली.

"चालेल?" त्यानं मराठीत विचारलं.

"चालेल."

संध्याकाळी सरांनी बोलावलं. "हे तुम्ही सुचवलंत?"

"मी फॉर्म दिला, सर. आपण येईल त्याला देतो."

त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. संशयाच्या त्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. पण फॉर्म रीतसर होता, सील शाबूत होतं. रिपोर्ट गेला, टँटलमसकट.

त्या मालावर तिथल्या सरकारनं पूर्ण हिस्सा घेतला. जोसेफची नोकरी वाचली. देसायांचे नमुने बंद झाले. ते दुसऱ्या लॅबमध्ये जात असणार, याबद्दल मात्र मला शंका नाही. मी सरांच्या मागे लागून सर्टिफिकेटवर एक ओळ वाढवून घेतली: 'विनंतीनुसार फक्त वरील धातू तपासले आहेत.'

मला वाटायचं, या देशांना आपल्या जमिनीत काय आहे तेच माहीत नसतं, म्हणून ते गरीब राहतात. तसं नाही. माहिती असते. ती दुसऱ्याच कुणाच्या कपाटात, फाइलीत लावलेली असते. आणि ती मागणारा माणूस त्या खुर्चीत फार दिवस टिकत नाही.

जोसेफ आठ महिने टिकला. मग त्याला बढती देऊन मत्स्य खात्यात पाठवलं. मी तोवर रिटायर झाले होते. परवा त्याचा मेसेज आला.

'मॅडम, इथे परदेशी जहाजं येतात. सगळ्यांच्या यादीत एकाच जातीचा मासा लिहिलेला असतो. यादी अगदी खरी आहे.'

मी लगेच उत्तर पाठवलं.

'जाळं बघायला मागा.'