मामाला बोलावण्याची चूक

"मामाला बोलावते मॅडम. माझा लेक फक्त त्यालाच भितो."

बोलत होत्या शोभाताई, जुन्या जालन्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिका. मनगट सुजलेलं, पदराखाली झाकलेलं. एकोणीस वर्षांचा रोहन मारतो, हे सांगायला त्यांना तीन भेटी लागल्या. नवरा हयात नाही. "वर्गात चाळीस पोरं सांभाळते. घरचं एक सांभाळता येईना, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मी समुपदेशक. लोकांचं ऐकून घेते, मार्ग काढायला मदत करते. आपल्याकडे भाचा बिघडला की मामाला बोलावतात. मलाही ते बरोबर वाटलं. मी मान डोलावली, त्याची आजही लाज वाटते.

तीर्थपुरीहून मामा आले. शेजाऱ्यांदेखत भाच्याच्या कानफटात दिली. रोहन खाली मान घालून "चुकलं" म्हणाला. मामांची गाडी गल्लीबाहेर पडली आणि त्यानं आईला भिंतीवर ढकललं. बाहेर सांगितलंच का, म्हणून.

ताई कपाळावर टाके घेऊन आल्या.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"पोलिसांत नाही जायचं मला. लेकराची जिंदगी खराब होईल."

"तो हात उगारेल तेव्हा तुम्ही कुठं जाल?"

इतक्या भेटींत मी हे विचारलंच नव्हतं.

मग आम्ही सेफ्टी प्लॅन केला. म्हणजे धोका दिसताच कसं निघायचं, हे आधीच ठरवणं. कपडे, कागदपत्रं शेजारणीकडे. फोन कायम जवळ. जिवावर बेतलं तर पोलीस, लाज न बाळगता. मग मामांना फोन लावला.

"चामडीच सोलतो त्याची. मंग बघा!"

"बिलकुल नाही. त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बहिणीला फक्त घेऊन जायचं."

"मंग मामा कशाला झालो मी?"

"आधी भाऊ झालात ना?"

"बराबर हाय," ते सावकाश म्हणाले.

महिनाभरानं रोहननं ताट भिरकावलं. ताई वाद न घालता शेजारी गेल्या, तिथून भावाला फोन केला. मामा आले, बहिणीला घेऊन गेले.

पाचव्या दिवशी रोहनचा फोन. "आई, कधी येणार?"

"तू रागावर उपचार सुरू करशील तेव्हा."

आता तो माझ्या सहकाऱ्याकडे समुपदेशनाला नियमित येतो. ताई घरी परतल्यात. तो दारं अजून आपटतो, पण हात उचललेला नाही.

लेकरू सुधारायला वेळ लागतो. तेवढा वेळ आईनं मार खात बसायचं नसतं. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. कळायला ताईंना टाके पडावे लागले.