पसरणी घाटातला ओरखडा

धोंडिराम कांबळे कुठलीही गाडी चालू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा. हात पाठीमागं, मान खाली, झडती घ्यायला आलेल्या फौजदारासारखा. टायरवर बुटाचं टोक मारायचा, वाकून जमिनीवर तेलाचा ठिपका दिसतो का बघायचा, मग ब्रेकवर तीनदा पाय देऊन कान लावायचा. पलटणीत याला फर्स्ट परेड म्हणतात, असं त्यानंच मला सांगितलं. सतरा वर्षं तो लष्करात ड्रायव्हर होता, तीही बहुतेक डोंगरातली. उभी गाडी लबाड असते, असं त्याचं मत होतं. ती चालायला लागल्यावर खरं काय ते कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

मी नाथाजी, आटपाडी तालुक्यातल्या आमच्या वाडीचा पोस्टमास्तर. धोंडिरामच्या घरी पेन्शनचे कागद घेऊन कितीदा तरी गेलोय. भिंतीवर तीन फ्रेमा. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची आणि तिसरी पलटणीच्या दाखल्याची: सतरा वर्षांत एकही अपघात नाही. त्याची बायको चंद्राबाई रोज तिन्ही फ्रेमा पुसायची. छप्पन साली त्याच्या बापानं धम्म घेतला, तेव्हापासून घरात देव नव्हता. पण त्या तिसऱ्या फ्रेमेला बोट लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

पेन्शनीवर आल्यावर तो विट्याच्या लालासाहेबांकडं ड्रायव्हर म्हणून लागला. लालासाहेबांचा गलाईचा धंदा, म्हणजे जुने दागिने गाळून सोनं शुद्ध करायचं. दुकान तिकडं कोइम्बतूरला. आमच्या भागातली निम्मी माणसं अशीच मुलूखभर पांगलेली. दसऱ्या-दिवाळीला, जत्रेला आणि मे महिन्यात गावाकडं येतात. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला लालासाहेबांनी एक नवी कोरी गाडी घेतली. जीपच्या जातीची, पण राजेशाही. आत गारवा, चामड्याच्या शिटा, बटण दाबलं की काच खाली. गाडीच्या कागदावर नाव होतं सासूबाईंचं. असं का, हे विट्यात कुणी कुणाला विचारत नाही.

गाडीनं आठच दिवसांत रंग दाखवला. काच खाली गेली की वर येईना. दारं आपोआप कुलूपबंद व्हायची. एकदा लालासाहेबांची दोन्ही लेकरं भर उन्हात आत अडकली. या गोष्टी धोंडिराम हसून सांगायचा. ब्रेकबद्दल मात्र हसायचा नाही. सपाट रस्त्यावर ब्रेक एकदम कडक. लांब उतार लागला, दहा-बारा वेळा पाय दिला, की पेडल हळूहळू मऊ पडत जायचं आणि शेवटी थेट तळाला टेकायचं. गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठणठणीत.

दिवाळीत सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं. परतताना पसरणी घाटात, निम्म्या उतारावर पेडल तळाला गेलं. धोंडिरामनं गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि डावी बाजू डोंगराला घासत घासत गाडी गटारीत उतरवून थांबवली. उजव्या बाजूला दरी होती. लालासाहेब मागं गारव्यात झोपले होते. जागे झाले, खाली उतरले आणि त्यांना दिसला तो फक्त दोन हात लांब ओरखडा.

सांगलीच्या शोरूमवाल्यांनी गाडी सपाट रस्त्यावर पळवून बघितली. काही सापडलं नाही. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो, असं त्यांनी लालासाहेबांना सांगितलं. धोंडिराम स्वतः गाडीखाली शिरला होता. ब्रेकच्या तेलाची नळी सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ खेटून गेलेली त्यानं बघितली होती. ब्रेकचं तेल तापतंय, असं तो सांगत होता. पण कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावला तर गॅरंटी गेली, म्हणून त्याला पाना धरायचीही बंदी झाली. लालासाहेबांनी शोरूमच्या टायवाल्यावर विश्वास ठेवला. पुढं काही दिवस ते रोज सकाळी धोंडिरामच्या अगदी तोंडाजवळ येऊन बोलायला लागले. तो प्यायलाय का, याचा वास घ्यायचे. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस तो.

पण गप्प बसणाऱ्यातला नव्हता. पलटणीतला एक हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता: एका गाडीत खोट निघाली तर ड्रायव्हरला धरा, तीच खोट पाच गाड्यांत निघाली तर बनवणाऱ्याला धरा. तशाच गाड्या घेणारे गलाईवाले आणखी होते आणि पौषात औंधच्या यमाईच्या जत्रेला ते येणारच होते. लालासाहेबांना तिथं सोडल्यावर धोंडिराम वही-पेन घेऊन डोंगराच्या पायथ्याला, गाड्या लावतात तिथं उभा राहिला. तशी गाडी दिसली की नंबर लिहायचा आणि मालकाला विचारायचा, उतारावर ब्रेक कसा लागतो?

आता तुम्हीच सांगा. खाकी पँट, लष्करी केस, हातात वही आणि नव्या गाड्यांचे नंबर टिपून घेणारा माणूस. गलाईवाल्यांना दुसरं काय वाटणार? इन्कम टॅक्स आला, ही बातमी देवळाच्या पायऱ्यांवरून घंटेच्या आधी वर पोचली. एकानं गाडी मेव्हण्याची असल्याचं सांगितलं. दुसऱ्यानं तर गाडीला टेकून उभं राहून, ही गाडी कुणाची ते आपल्याला ठाऊक नाही, असं सांगितलं. एकजण ओटीचं ताट तसंच मागं घेऊन निघून गेला. दुपारपर्यंत ते पटांगण रिकामं झालं. धोंडिरामला काय झालंय ते उशिरा कळलं. मग जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एक चिठ्ठी कोंबत राहिला. चिठ्ठीवर फक्त त्याचा पत्ता. नाव नका सांगू, ब्रेकचं तेवढं कळवा, असं तो विनवत होता.

लालासाहेबांना हे संध्याकाळच्या आत समजलं. कुणासाठी लिहीत होतास, एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराला न थांबता किल्ली काढून घेतली. जिथं तिथं सांगितलं, माझा ड्रायव्हर फितूर निघाला. मला आजही राग येतो तो याचा. हीच वही एखाद्या पाटलाच्या हातात असती, तर लोकांनी खुर्ची देऊन चहा पाजला असता.

पण मी तरी कुठं धुतल्या तांदळाचा? महिन्याभरानं माझ्या टपालात धोंडिरामच्या नावाचं पहिलं कार्ड आलं. शिक्का मदुराईचा. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये हे मला कळतं, पण उघडं कार्ड हातात आल्यावर डोळे काय खिशात ठेवायचे? त्यावर लिहिलं होतं: ‘कात्रजच्या उताराला पाय खाली गेला. थांबलो, पानतंबाखू खाल्ली, परत नीट झालं. बायको त्या दिवसापासून बसत नाही. गाडी माझी नाही. नाव विचारू नये.’ खाली सही नाही, काही नाही. मला वाटलं, लोक म्हणतात ते खरंच, हा कुणाचा तरी हस्तक आहे. ते कार्ड मी दोन दिवस दाबून ठेवलं. वरच्या साहेबांना दाखवावं का, अशा विचारात होतो. तिसऱ्या दिवशी लाज वाटली आणि नेऊन दिलं.

मग कार्डं येतच राहिली. कालिकतहून, बनारसहून, विजयवाड्याहून. एप्रिलपर्यंत अकरा झाली. सगळ्यांची तक्रार एकच, उतारावर पेडल तळाला, आणि सगळ्यांचा शेवटही एकच, गाडी माझी नाही. धोंडिराम ती वाचून मोठ्यानं हसला, मग एकदम रडला. म्हणाला, “मास्तर, अकरा गाड्यांत मी बसलो न्हवतो न्हवं?”

त्याच्या वतीनं मी कंपनीला पत्र लिहिलं, सोबत कार्डांच्या नकला. उत्तर चार ओळींचं आलं. निनावी मजकुराची दखल घेता येत नाही. नोंदणीकृत मालकानं सहीनिशी तक्रार केली तरच विचार होईल. धोंडिरामनं ते दोनदा वाचून घेतलं. म्हणाला, “मे म्हैना आलाय. परवा शेठ पोरास्नी घिऊन परत त्याच घाटानं जाणार. नवा ड्रायव्हर सपाटीवरचा हाय.” दुसऱ्या दिवशी आम्ही एसटी धरली ती गाडीच्या मालकिणीकडं जायला.

सुलाबाई, लालासाहेबांच्या सासूबाई, औंधजवळच्या एका वस्तीवर राहायच्या. दारात दोन म्हशी, चौथीपर्यंतची शाळा, स्वभाव तिखट. पण जावयापुढं पदर सारखा केल्याशिवाय कधी उभ्या राहिल्या नाहीत. लेकीच्या लग्नाला दहा वर्षं झाली तरी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची लेक सुनंदा मुलांना घेऊन तिथंच होती. लालासाहेब त्यांना न्यायला येणार होते. धोंडिरामनं सगळं सांगितलं आणि गाडी तुमच्या नावावर आहे हे सांगितलं. म्हातारीला पहिल्यांदा खरंच वाटेना. मग तिला आठवलं, दसऱ्याला जावयानं दोन कागदांवर सही घेतली होती. तिला वाटलं होतं, रेशनकार्डाचं काही असेल.

तिनं लेकीकडं बघितलं. सुनंदा खाली मान घालून म्हणाली, “आई, मी जागी हुते घाटात. धोंडिरामदादांनी गाडी डोंगराला घासली न्हाई, डोंगराला लावून थांबवली. मी सांगितलं घरी ह्येंना. मला म्हनले, तुला गाडीतलं काय कळतंय.”

तेवढ्यात गाडी दारात आली. लालासाहेब उतरले, आम्हाला बघून त्यांचा चेहराच बदलला. हा फितूर इथवर पोचला, असं ते नव्या ड्रायव्हरला म्हणाले. सुलाबाई उंबऱ्याच्या आत, दाराआड उभ्या होत्या. तिथूनच आवाज आला.

“जावईबापू, गाडी माज्या नावावर हाय का न्हाई, येवडं सांगा.”

लालासाहेब गडबडले. नाही म्हणावं तर नव्या ड्रायव्हरपुढं, पोस्टमास्तरपुढं, कुणाची ते सांगणं आलं. औंधच्या पटांगणातलं सगळ्यांचं उत्तर त्यांच्याही ओठावर आलं असणार. शेवटी हळूच म्हणाले, “हाय.”

“मग किल्ली आना हिकडं.”

दाराआडून हात पुढं आला. हिरव्या बांगड्या, शेणात राबलेली बोटं. लालासाहेबांनी किल्ली त्या हातात ठेवली आणि म्हातारीनं ती कमरेला खोचली. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि तक्रारीखाली सही केली. महाबळेश्वरला ते सगळे एसटीनं गेले.

कंपनीनं चूक कधी कबूल केली नाही. जूनमध्ये सांगलीत मोफत तपासणीचं शिबिर लागलं, त्यात त्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या सायलेन्सरपासून गुपचूप लांब नेऊन बसवल्या. विशेष काही दोष आढळला नाही, असं प्रत्येकाच्या कागदावर लिहिलं. लालासाहेब शहाणे, त्यांना उमगलं. स्वतः आमच्या वाडीला आले आणि धोंडिरामला परत ये म्हणाले. धोंडिरामनं एकच मागणं केलं: त्या दिवशी चूक ड्रायव्हरची नव्हती, एवढं एका कागदावर लिहून खाली नाव घाला. त्याला ते भिंतीवर लावायचं होतं. मी पेन दिलं. लालासाहेबांनी टोपण काढलं, इकडंतिकडं बघितलं, टोपण परत लावलं आणि माझा शब्द आहे ना, कागद कशाला, असं म्हणाले. धोंडिरामनं त्यांना चहा दिला. कामाला मात्र गेला नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला तो उठला नाही, असं चंद्राबाई दुसऱ्या दिवशी मला सांगत होती. इतकं सगळं करून त्याच्या नावाला लागलेला डाग तसाच राहिला होता.

श्रावण लागता लागता बारावं कार्ड आलं. शिक्का औंधचा. अक्षर वाकडंतिकडं, चौथीच्या शाळेतलं.

‘धोंडिरामदादास, पसरणीच्या घाटात तुम्ही माझी लेक आणि नातवंडं वाचवली. चूक तुमची नव्हती. गाडी माझी आहे. म्हणून मी लिहून देते. सुलाबाई, गाडीची मालकीण.’

हे कार्ड मी दाबून ठेवलं नाही. टपाल वाटायची वेळ व्हायची होती, तरी पोस्टाला कुलूप घालून उन्हातनं त्याच्या घरी गेलो. त्यानं दारात उभं राहून वाचलं. परत वाचलं. मग कार्ड उलटं करून उजेडाकडं धरलं आणि डोळे बारीक करून तारीख, गाव, सगळं नीट तपासलं, गाडी तपासायचा तसंच.

“मास्तर,” तो म्हणाला, “शिक्का खरा हाय न्हवं?”

मी म्हटलं, खरा आहे. चंद्राबाई आत खिळा हुडकायला गेली.