टिकली कुठल्या लॅपटॉपला?

आमचा हर्षवर्धनदादा मनवेलपाड्यातल्या घरी बसून सहा दूरच्या कॉम्प्युटरना कामं वाटून देतो. त्यांना तो नोड म्हणतो. रुग्णवाहिका मागवणाऱ्यांचे फोन त्यांच्यावरूनच जातात. एखाद्या नोडची सेटिंग बदलायची तर आधी त्याचं काम बाकीच्यांवर टाकून तो रिकामा करायचा, एका वेळी एकच. सरावाचे सहा वेगळे आहेत, ते एकदम रिकामे केले तरी चालतं. दोन्हींचे लॅपटॉप सारखेच, म्हणून खऱ्या नोडच्या लॅपटॉपवर आईची लाल टिकली.

मंगळवारी दुपारी त्याने बिनटिकलीच्या लॅपटॉपवर सहाही रिकामे करायचा हुकूम सोडला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"अरे, लॅपटॉप पुसताना टिकली निघाली होती रे तुझी. लावली मी परत."

"कुठल्या लॅपटॉपला?"

"आता ते कसं सांगू बाबा?"

एरवी नाकातून "येस सर, शुअर सर" करणारा दादा उंदरासारखा चिरकला. हुकूम खऱ्या नोडवरच सुटला होता, आणि तो थांबवेपर्यंत चार रिकामे झाले होते. त्याने एकेक परत कामाला लावला. "कोणीतरी फोन करत असेल गं," एवढंच पुटपुटत होता.

स्क्रीनवर सगळं हिरवं झालं, तरी त्याचा विश्वास बसेना. त्याने स्वतःच रुग्णवाहिकेचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. आईने माझं मनगट आवळलं.

"नमस्कार, रुग्णवाहिका सेवा. पेशंट कुठे आहे?"

"हॅलो... ते... म्हणजे..." दादा अडखळला.

"घाबरू नका दादा, सावकाश सांगा."

"पेशंट नाही ताई. लागतोय का, तेवढंच बघत होतो."

मग त्याने ऑफिसच्या सरांना फोन लावला. "सर, चार नोड माझ्या चुकीने रिकामे झाले." या वेळी नाकातून नाही.