एका नोंदीला एकच लेखक

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या आदिलाबादच्या कार्यालयात विहिरींच्या सगळ्या नोंदी ऑपरेटर ताईंच्या नावावरून काढून मामांच्या नावावर करण्यात आल्या. प्रकल्प व्यवस्थापकांनी ते काम स्वतःच्या लॅपटॉपवर केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यानंतर ताईंच्या नावावर एकही नोंद उरली नाही. ज्याच्या नावावर नोंद नाही त्याचा करार वाढवायचा नाही, असा मुख्य कार्यालयाचा आदेश आधीच आला होता. नोंदी फिरवण्यासाठी जो पुरावा वापरला गेला, तो मी दिला होता.

आमची संस्था जुन्या विहिरी दुरुस्त करते. तामसी आणि नार्नूर या दोन मंडलांचं, म्हणजे छोट्या तालुक्यांचं, काम आमच्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी संस्थेनं सगळ्या जिल्ह्यांसाठी एकच सामाईक व्यवस्था आणली. कोणत्या विहिरीचं काम कुठवर आलं, कोणाकडे आहे, तिथला खडक कसा आहे, हे सगळं त्यात चढवायचं. प्रश्न विचारला की त्यातला एआय नोंदी वाचून उत्तर देतो. कार्यालयात त्या सगळ्याला मिळून बोर्ड म्हणतात. मी पूर्वी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. इथे माझं काम नोंदी तपासून बोर्डावर पाठवण्याचं.

मामा आमचे क्षेत्र कार्यकर्ते. वय साठीच्या जवळ, गाव तामसीकडचं. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या वावरात राबले. मामा लहानपणापासून विहिरी खोदत आले आणि खडक पाहून पाणी कुठे लागेल ते सांगू लागले. ताई डाटा ऑपरेटर. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत मुलाजिम, म्हणजे सरकारी नोकर, होते, वडील लिपिक म्हणून निवृत्त झाले. मामांना सगळे मामा म्हणत, ताईंना सगळे ताई. फक्त मामा त्यांना बाई म्हणत.

मामा टायपिंग करत नसत. त्यांनी करावं असं कोणी सुचवलंही नाही. एवढ्या वयाच्या माणसाला कळफलकापुढे बसवणं आमच्याकडे बरं दिसत नाही. म्हणून एक रीत पडली होती. शुक्रवारी दुपारी मामा बसनं परत येत, ताईंच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसत आणि पिशवीतून दगडांचे तुकडे काढून एका ओळीत मांडत. वरच्या थराचा तुकडा आधी, तळाचा शेवटी. मुरूम, मग काळा पाषाण, मग मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा नरम खडक, ज्यात पाणी सापडतं. खोली ते पुरुषांत सांगत. हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष. ताई त्याचे फूट करत, विहिरीचा काटछेद, म्हणजे उभ्या कापाचा नकाशा, काढत, आणि मामांना न सुचणारे प्रश्न विचारत. पायऱ्या कोणत्या अंगाला आहेत, उन्हाळ्यात बाया पाणी कुठून शेंदतात, कठडा कधी पडला. एक नोंद पूर्ण व्हायला दीड तास लागे. लॉगिन ताईंचं असे.

प्रत्येक नोंद 'मामांनी सांगितलं की' अशी सुरू होई. ते तीन शब्द मी काढत असे. जी गोष्ट वादाची नाही तिला सांगणारा जोडायचा नाही, असं डेस्कवर शिकवलेलं होतं. पुढे मी तो नियम एआयच्या सूचनांमध्येच लिहून टाकला. मग नोंद माझ्याकडे येण्याआधीच ते शब्द गेलेले असत.

करार वाढवण्याची वेळ आली तेव्हा मुख्य कार्यालयानं एआयकडून प्रत्येक जिल्ह्याची एक यादी काढून घेतली. कार्यालयात कोणाला कशाची माहिती आहे, याची. आमच्या यादीत विहीर दुरुस्ती आणि खडकाचे थर या विषयांपुढे ताईंचं नाव होतं. मामांच्या नावापुढे 'योगदान आढळले नाही' असं लिहिलं होतं.

ती यादी व्यवस्थापकांनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांसमोर वाचली. व्यवस्थापक हैदराबादचे, भाषा तेलुगू. आमच्याशी ते हिंदीत बोलतात. मामा नुकतेच आले होते. दगड अजून पिशवीतच होते.

"मामा, आपका तो इसमें कुछ है ही नहीं," व्यवस्थापक म्हणाले.

"काऊन नाई?" मामा म्हणाले. "चार वर्सं मी काय गोट्या खेळून राह्यलो का?"

"सिस्टम में नहीं है."

मामा ताईंकडे वळले. "बाई, तुमी कोन्या इहिरीत उतरल्या कधी?"

"मी काऊन उतरू? मले टायपिंगला ठेवलं."

"मंग तुमचं नाव काऊन लागलं?"

"लॉगिन माह्यं हाय म्हनून."

"लॉगिन," मामा म्हणाले. "तुमच्या आज्यानंबी असंच केलं असन कचेरीत. वावर एकाचं, नाव दुसऱ्याचं."

ताई उभ्या राहिल्या. "माह्या आज्यावर जायचं नाई, मामा. तुमी इथं चहा पीत होते, अन् पाच वाजून गेले तरी मी तुमचं टाइप करत होते. घरी गेल्यावर काय ऐकाव लागे ते माह्यं मले माहीत."

"म्हनून चोरी केली?"

ताईंनी मामांचं स्टूल उचललं, व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि परत येऊन खुर्चीत बसल्या.

"आजपासून भाईर बसा," त्या म्हणाल्या.

त्या शुक्रवारी नोंद झाली नाही. मामा दगडांची पिशवी घेऊन निघून गेले.

बोर्डावर एका नोंदीला एकच लेखक लावता येतो. दोन नावं चालतील का, असं मी मुख्य कार्यालयाला लिहून विचारलं. तशी सोय नाही, असं उत्तर आलं. लेखक बदलायचा तर दोनच मार्ग होते. जिच्या नावावर नोंद आहे तिनं लेखी संमती द्यावी, नाहीतर व्यवस्थापकांनी पुराव्यावरून बदल करावा. संमतीचा कागद घेऊन व्यवस्थापकांनी मला ताईंकडे पाठवलं.

"दस्तखत केली तर मामांचा करार वाचतो," मी म्हणालो.

"अन् माह्या?"

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"साऱ्यांसमोर चोर म्हनला तो मले," ताई म्हणाल्या. "आधी त्यानं माफी मागावी. मंग पाहू."

"मागतील असं वाटत नाही."

"मलेबी वाटत नाई." त्यांनी टाइप करणं थांबवलं नाही. पडद्याकडे पाहतच त्या म्हणाल्या, "दादा, मी दर नोंदीत लिवलं होतं, मामांनी सांगितलं म्हनून. तुमी काढलं. आता दस्तखत माह्याकडून मागता?"

तो शैलीचा नियम होता, असं मी म्हणालो.

"हो," ताई म्हणाल्या. "तुमचे नियम लय साफ राह्यते."

माफीचं मी मामांनाही विचारलं. ते व्हरांड्यात, त्या स्टुलावर न बसता पायरीवर बसले होते.

"ज्याचं गेलं त्यानंच माफी मागाची का?" ते म्हणाले. "अन् तुमी कोनाकडून आले? तिच्याकडून का सायबाकडून?"

मी सांगितलं, दोघांकडूनही नाही.

"मंग जा ना भाऊ आपल्या टेबलावर."

पुढचे पंधरा दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. कार्यालयात दोन तट पडले. मामांबरोबर फिरणारे कार्यकर्ते ताईंच्या टेबलावरून जाईनासे झाले आणि आपले कागद थेट माझ्याकडे आणू लागले. ताईंच्या बाजूच्या दोघींनी मामांच्या चहाचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली. ते मामांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी कार्यालयात चहा घेणं बंद केलं. त्या दोघींना मी काही बोललो नाही. नार्नूरहून मजुरांचे फोन येत होते. पुढची विहीर कोणती, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं, कारण ते शुक्रवारच्या नोंदीत ठरत असे.

बोर्ड प्रत्येक नोंदीच्या जुन्या प्रती जपून ठेवतो. कोणी काय बदललं, तेही त्यात दिसतं. शनिवारी मी त्या प्रती उघडल्या. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या प्रतीत 'मामांनी सांगितलं की' हे शब्द होते. दुसऱ्या प्रतीत नव्हते. सुरुवातीच्या काही महिन्यांत काढणारा म्हणून माझं नाव होतं, त्यानंतर एआयचं. मी सगळ्या प्रती छापून घेतल्या. परिणाम काय होणार हे मला ठाऊक होतं. आदेशाची प्रत भिंतीवर लावलेली होती.

प्रतींना मी वेगळं एक पान जोडलं. मापं फुटांत ताईंनी आणली, काटछेद ताईंनी काढले, निम्मे प्रश्न ताईंनी विचारले, आणि ही माहिती दोघांनी मिळून तयार केलेली आहे, असं त्यात लिहिलं. ते शब्द मी काढले होते, हेही लिहिलं. गठ्ठा व्यवस्थापकांच्या हातात दिला.

त्यांनी तो बोर्डावर चढवला आणि एआयला त्याचा सारांश करायला सांगितलं. सारांश तीन ओळींचा आला. मूळ माहिती क्षेत्र कार्यकर्त्याची आहे. ऑपरेटरचं काम लेखन-साहाय्याचं आहे. लेखक बदलण्याची शिफारस करण्यात येत आहे. माझ्या जोडपानातलं बाकीचं त्यात नव्हतं. ते पान स्वतंत्र वाचावं, असं मी व्यवस्थापकांना म्हटलं. सारांशात सगळं आलेलं आहे, असं ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी बदल केला तेव्हा ताई, मामा आणि मी तिघंही खोलीत होतो. ताई व्यवस्थापकांशी तेलुगूत बोलल्या. मापं कोणी केली, काटछेद कोणी काढले, हे त्यांनी विचारलं. ते साहाय्य झालं, ज्ञान नव्हे, असं व्यवस्थापकांनी तेलुगूतच सांगितलं. मग ताई मराठीत मामांना म्हणाल्या, "मामा, सांगा ना सायबाले. ते नकाशे कोनी काढले?"

मामा मोबाइलवर आपलं नाव पाहत होते. नव्या यादीत ते पहिलं होतं.

"मले काय इचारता," ते म्हणाले. "सिस्टमनं केलं ते."

"सिस्टम कालपावतर तुमाले ओळखत नव्हती."

"आज ओळखते."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग व्यवस्थापकांना, या वेळी हिंदीत, त्या म्हणाल्या, "सर, लिख के दीजिए कि मैंने चार साल में कुछ नहीं किया. घर में दिखाना है."

व्यवस्थापकांनी लिहून दिलं नाही. मुख्य कार्यालयाचं पत्र येईल, असं सांगितलं. ते बुधवारी आलं. महिनाअखेर पद संपत असून शिल्लक रजा धरून शुक्रवारी मोकळं करण्यात येत आहे, एवढाच मजकूर होता.

कोणी कार्यालय सोडून जातं तेव्हा आमच्याकडे भजी आणि चहा होतो, कोणीतरी दोन शब्द बोलतं. या वेळी कोणी काही ठरवलं नाही. शुक्रवारी ताईंनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या, पावती घेतली, पावतीवरची वेळ वाचून पाहिली आणि पाचच्या आत बाहेर पडल्या. मामा त्या दिवशी नार्नूरला होते. तिकडे जायचं ठरलेलं नव्हतं.

मामांचा करार एका वर्षानं वाढला. नोंदी त्यांनी यापुढे मोबाइलवर बोलून द्याव्यात, एआय त्या लिहून काढेल, असं ठरलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी ताईंच्या रिकाम्या टेबलावर दगड मांडले आणि मोबाइल समोर धरून नार्नूरजवळच्या एका विहिरीची माहिती सांगितली. मधे दोनदा ते थांबले आणि टेबलाच्या पलीकडे पाहिलं. मोबाइलनं काही विचारलं नाही. एआयनं त्यांचं बोलणं बरोबर लिहिलं. खोली तेवढी पुरुषांत राहिली. बोर्डावर खोलीच्या रकान्यात फुटांचा आकडाच चालतो, त्यामुळे नोंद तपासणीसाठी अडकली.

मापं तपासण्याचा अधिकार ऑपरेटरच्या पदाला आहे, माझ्या पदाला नाही. मी व्यवस्थापकांना सांगितलं, त्यांनी मुख्य कार्यालयाला कळवलं. अधिकार बदलण्याचं काम बोर्डावर नोंदवण्यात आल्याचं उत्तर आलं. त्या कामापुढे अजून कोणाचंही नाव लागलेलं नाही.

विहिरीची नोंद आज सकाळी मी पाहिली तेव्हा तपासणीतच होती. नार्नूरचे मजूर गेल्या आठवड्यात दुसऱ्या कामाला गेले.