खाऱ्या हाताची ज्योत

शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत उमाबाईंनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेतल्या नळ्या धुतल्या, सामान मांडलं अन् आवरलं. पण टेबलामागं उभं राहून प्रयोग कधी केला नाही. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. दिवाळीच्या सुट्टीआधी दहावीच्या पोरींना फटाक्यांतले रंग दाखवायचे ठरले, आणि नेमकं विज्ञानाच्या अमृतराव सरांना निवडणुकीच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं.

"सुट्टीनंतर बघू," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या.

"सुट्टीनंतर मी कुठं आसते? मी करते की. इतकी वर्षं बघतच आले न्हवं का?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "करा. पण काही पेटवू नका."

"आवो, ज्योत तर पेटवावीच लागंल!"

अंधारासाठी खिडक्यांना सतरंज्या लागल्या. उमाबाईंनी बर्नर पेटवला, ओली तार स्ट्रॉन्शियमच्या क्षारात टेकवली. "बघा, आता लाल!"

ज्योत पिवळी झाली. बेरियम घेतलं, हिरव्याऐवजी पुन्हा पिवळीच.

"मावशी, सगळ्यात हळद पडली का काय?" पहिल्या बाकावरची अक्षरा म्हणाली. वर्ग खिदळला. उमाबाईंचे कान तापले. एकच दिवस मिळाला, अन् तोही असा! त्यांनी हाताकडं पाहिलं. बोटं तेलकट होती.

"आगं बया, चिवडा!"

मघाशी त्यांनीच पोरींना मूठमूठ चिवडा वाटला होता अन् त्याच हातानं तारा मांडल्या होत्या. मिठातल्या सोडियमचा पिवळा मोठा दांडगा. कणभर असला तरी दुसऱ्या रंगाला डोकं वर काढू देत नाही.

त्यांनी हात धुतले, बाटल्यांतून ताजे क्षार काढले. तार आम्लात बुडवली, ज्योतीत धरली, पुन्हा बुडवली. पिवळा पुरता गेल्यावरच स्ट्रॉन्शियमला हात घातला.

लालभडक! मग बेरियमचा पोपटी हिरवा. पोरी बाकांवर चढल्या.

"आच लागली की धातू ती घेतो अन् आपल्या रंगात परत करतो. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. फटाक्यात हेच क्षार भरत्यात."

"मग निळा फटाका का दिसत न्हाई जास्त?" अक्षरानं विचारलं.

"निळा तांब्याचा, अन् लई नाजूक. तांबं क्लोरीनसंगं जोडीनं असलं तर निळा देतं. आच वाढली की जोडी फुटती, रंग जातो."

मुख्याध्यापक बाई दारात कधीच्या उभ्या होत्या. "उमाबाई, नववीचा तासही रिकामा आहे. पाठवू?"

"पाठवा की," म्हणत उमाबाईंनी पुढची तार आम्लात बुडवली.