पिवळ्या पट्ट्यांची वाट

उद्यानाच्या कचेरीत त्याला सगळे खुणेवाला म्हणत. कागदावर त्याचा हुद्दा साध्या मजुराचा होता, पण काम एकच: झाडांवर पिवळे पट्टे मारायचे. फाटकापासून निघून, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून, टेकडीला वळसा घालून पुन्हा फाटकाशी येणारी साडेचार किलोमीटरची जंगलवाट त्यानेच आखली होती. मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांसाठीची वाट. चढ सुरुवातीला, पोरं ताजीतवानी असताना. उतार शेवटी, पोरं कुरकुरायला लागल्यावर. एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा पट्टा दिसलाच पाहिजे, आणि तोही सात वर्षांच्या पोराला, हा त्याचा स्वतःचा नियम. बत्तीस वर्षांत त्या वाटेवर एकही कुटुंब चुकलं नाही. साहेब लोक नकाशावर सह्या करून गेले. पट्टे मात्र त्याचेच.

त्या बत्तीस वर्षांतले रविवार त्याने जंगलातच काढले. रविवारीच तर माणसांची रीघ लागायची. बायको होती तोवर म्हणायची, "तिथलं झाडन् झाड ओळखतं यांना. घरात आले की मात्र पोरीला सांगावं लागतं, हे बघ, हे तुझे बाबा."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बायको गेली, गुडघे बोलायला लागले. आता त्याच्या मनात एकच उरलं होतं: लेकीने एकदा ही वाट आपल्याबरोबर पुरी चालावी. सात वर्षांची असताना ती एकदा आली होती, त्यानंतर कधीच नाही. महिनाभर तो फोनवर मागे लागला. लेक म्हणायची, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. शेवटी आठ वर्षांच्या नातीने हट्ट धरला, म्हणून तिघं निघाली.

नात पट्ट्यापट्ट्याला पळत सुटली. "आजोबा, सापडला! पुढचा पण सापडला!" खुणेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे बाक मी बसवलं, या पायऱ्या मी खणल्या, असं सांगत तो चालला. मध्येच थांबून वाटेत आलेली फांदी बाजूला करायचा, खोडावरचं शेवाळ नखाने खरवडायचा.

"बाबा, निवृत्त झालात ना?" लेक मागून म्हणाली.

"झालो गं. हातांना अजून कळलं नाही."

लेक किंचित हसली. त्याला तेवढंही पुष्कळ झालं.

पूल ओलांडल्यावर एक दुबेळक्याचं, खोड दोन फांद्यांत फुटलेलं झाड लागलं. तिथे तो थांबला. ही जागा तो सकाळपासून राखून होता. इथली गोष्ट त्याने आजवर पन्नासदा तरी सांगितली असेल, लेकीच्या लग्नात तर भर पंगतीत. दर वेळी माणसं हसायची, लेकीचं कौतुक करायची.

"तुझी आई तेव्हा तुझ्यापेक्षाही लहान," त्याने नातीला सांगायला घेतलं. "पट्टा लहान पोराला दिसतो का, हे बघायला मला लहान पोरच हवं होतं. म्हणून हिला आणली. ही मागच्या झाडाशी उभी राहायची, मी पुढच्या झाडाला ब्रश लावायचो, आणि ही ओरडायची, 'दिसलाऽ!' या झाडाशी मी हिला म्हटलं, मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही. पुढे गेलो, तो मुकादम भेटला. चौकीत चहाला घेऊन गेला. गप्पांत ही माझ्या डोक्यातून साफ गेली. दीड तासाने धावत येतो तर काय! पोरगी जागची हललेली नाही. एक पाऊल नाही! अशी गुणाची तुझी आई."

दोघी हसतील म्हणून तो थांबला. नात हसली नाही. "मग आई रडली?"

"छे! डोळ्यांत टिपूस नव्हतं."

"रडून झालं होतं, बाबा," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. "तुम्ही यायच्या आधीच. कपड्यांतच शू झाली होती. मी स्वेटर कमरेला बांधला, आणि संध्याकाळपर्यंत तशीच 'दिसला, दिसला' ओरडत राहिले. तुम्हाला पट्टे तेवढे दिसत होते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कधी? रविवारी?"

त्याचं नख पुन्हा खोडावरच्या शेवाळाकडे गेलं.

"लग्नात सासरच्या माणसांपुढे सांगितलंत. सगळे हसले. मीही हसले. नवी नवरी आणखी काय करणार?"

"मला वाटायचं, तुलाही अभिमान आहे."

"अभिमान तुम्हाला होता."

नातीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आजोबा, तुम्ही परत आल्यावर आईला काय म्हणालात?"

सांगताना इथे तो नेहमी म्हणायचा, कडेवर उचलून घेतलं. आज ते तोंडातून बाहेर येईना. "शाब्बास म्हणालो," तो म्हणाला. "आणि पुढच्या झाडाशी उभं राहायला सांगितलं." मग लेकीकडे न बघता म्हणाला, "चुकलं गं माझं."

"हं," लेक म्हणाली. तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, बाटली पिशवीत टाकली. डाव्या हाताला कचेरीच्या गाडीचा कच्चा रस्ता थेट फाटकाकडे उतरत होता. "आम्ही इथून जातो. तुम्हाला वाट पुरी करायची तर करा. फाटकाशी थांबतो."

"पण पट्टे तर तिकडे जातात," नात म्हणाली.

"जाऊ देत."

अर्धी वाट उरली होती, तीही सोपी. टेकडीमागचं तळं तर अजून लेकीला दाखवायचं होतं. तो क्षणभर घुटमळला आणि त्या दोघींच्या मागे कच्च्या रस्त्याला लागला. खडी पायाखालून निसटत होती, गुडघा ठणकत होता. लेकीने एकदा वळून पाहिलं आणि चाल मंद केली. हात मात्र पुढे केला नाही.



"बाबा, ती गोष्ट आता कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार."

"मग आईची दुसरी सांगा ना," नात म्हणाली. "ती लहान असतानाची."

खुणेवाल्याने तोंड उघडलं. लेकीची शाळा आठवून पाहिली, तिचं आजारपण, तिच्या मैत्रिणी, तिचा पहिला पगार. ते सगळं त्याला बायकोने सांगितलेलं होतं, आणि तेही अर्धवट ऐकलेलं. नात वाट बघत त्याच्या तोंडाकडे पाहत चालली होती. लेकही ऐकत होती, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

"सांगतो हं," तो म्हणाला. "आठवू दे जरा."

फाटक आलं तरी तो आठवतच होता.