दादांचा पूर्ण भूतकाळ

आमचे दादा पहिल्यांदा वारले, तेव्हा ते शेवगावच्या बाजारात शेळी विकत होते.

त्यांना मारलं मी. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी मॅट्रिक झाले. नगरच्या कॉलेजात प्रवेश हवा तर इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. माझे वडील शेतकरी, सारं तिसगाव त्यांना दादाच म्हणे. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, पण दंडक त्यांचाच: रोज सकाळी नवे शब्द आणि व्याकरण, मोठ्यानं, मराठी अर्थासकट. "मनात वाचलेलं मला कसं कळंल?" (ते बाजाराला गेले तरी मी ओरडतच असे. आज्ञाधारकपणा नडतो तो असा.)

त्या दिवशी पूर्ण भूतकाळ होता. पुस्तकात डॉक्टर येण्याआधी रोगी मरत होता. घरातली माणसं घातली की वाक्य लक्षात राहतं, असं शाळेतल्या मास्तरांनी सांगितलेलं. ओसरीवर बसून मी खणखणीत म्हटलं, "डॉक्टर येण्यापूर्वी दादा वारले होते." पाठ होईपर्यंत म्हटलं आणि विहिरीवर पाण्याला गेले.

भिंतीपलीकडच्या गजराकाकूंनी इंग्रजी सोडून सगळं ऐकलं होतं.

हंडा घेऊन परतले तर दारात गर्दी. काकूंनी मला मिठीच मारली. "पोरी, गेलं गं तुजं दादा."

"कसे?"

"डाक्टर यायच्या आदीच गं."

माझा हंडा पडला. मला तसूभरही शंका आली नाही. शेतातून धावत आलेल्या आईचा विश्वास बसत नव्हता. माझं रडणं बघून बसला. चुलतभाऊ तर दादांना आणायला टेम्पो शोधत निघालासुद्धा.

तेवढ्यात दुपारची एस.टी. आली. दादा उतरले. शेळी खपली नव्हती, तीही उतरली. दारातली गर्दी बघून दादांनी टोपी काढली आणि कडेला बसलेल्या भिवातात्यांना हळूच विचारलं, "कोन गेलं?"

तात्यांना दिसायचं कमी. "तुला ठाव न्हाई? दादा गेलं की. बस हितं."

दादा बसले. "कोन्ता दादा?"

"ह्याच घरचा. डाक्टर उशिरा आला म्हनं."

"डाक्टरला बोलावलं कुनी?"

इतक्यात शेळी ओरडली. आईनं मान वर केली. नवऱ्याच्या आधी तिनं शेळी ओळखली.

मग चौकशी झाली. गजराकाकूंनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हिनंच तर सांगितलं. घोकून घोकून सांगितलं."

मी सगळ्यांना पूर्ण भूतकाळ समजावू लागले. कुणी ऐकेना.

"पुरं झालं शिकनं," आई म्हणाली. "हात पिवळे करा हिचे."

गर्दीनं माना डोलावल्या. माझं कॉलेज तिथंच वारलं, असं मला वाटलं. दादा मात्र शांतपणे शेळी बांधत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "कालेजातच जाऊ दे तिला. ही हितं ऱ्हायली तर गावात मानूस उरायचा न्हाई."

परीक्षेत पास झाले, जेमतेम. हुशारीवर कॉलेजात गेलेल्या मुली आमच्या गावात पुढं पुष्कळ झाल्या. गावाच्या जिवाला धोका म्हणून पाठवलेली मी एकटीच.